वेताळाचे अरण्य

चित्रकथेला वाङ्मय म्हणावे की नाही, हा वाद मला फारसा मोलाचा वाटत नाही. जी गोष्ट लहानपणी फाटक्या पानांनिशी हातोहात फिरली आणि चाळिशीनंतरही मनातून जात नाही, तिची चिकित्सा केलीच पाहिजे. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झाले, १९९० मध्ये बंद पडले. त्यातला ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ झाला. हे नामांतर ज्याने केले त्याला भाषेचा कान होता. आपला वेताळ भुतांचा राजा खरा, पण कोकणात आणि गोव्यात तो गावाचा राखणदारही आहे. भय आणि राखण एकाच शब्दात आली. मूळ नावात नुसती भुताची सावली आहे.

ह्या नायकाचे सामर्थ्य कशात आहे? तो १९३६ साली, सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी अवतरला. त्याला उडता येत नाही आणि गोळी लागली तर रक्त येते. बाप मेला की मुलगा तोच वेष चढवतो, आणि चारशे वर्षे लोक समजतात की हा मरतच नाही. म्हणजे त्याची शक्ती ही त्याच्याविषयी सांगितली जाणारी गोष्ट होय. कवटीच्या गुहेत पूर्वजांच्या थडग्यांशेजारी बसून वंशाची बखर लिहिणारा हा नायक, कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला, डोंगर उचलणाऱ्या कोणत्याही वीरापेक्षा मोठा वाटतो.

पण त्याचे अरण्य मला पटत नाही. मी गोंदिया जिल्ह्यातला. नागझिरा आणि नवेगाव आमच्या अंगणातली. आमच्या जंगलाला मोहाचा वास आहे, तेंदूपत्त्याचा हंगाम आहे, वाटेवरून भांडणे आहेत. वेताळाच्या जंगलात ढोल वाजतात आणि माणसे विश्वास ठेवतात, एवढेच. एकदा वर्गात मी जुना अंक वाचून दाखवला. गोंडटोल्यावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “गुरुजी, ज्यांच्याजवळ विषारी बाण आहेत, त्यांना राखायला पिस्तूलवाला कशाला लागते?” मी त्याला खाली बसवले. उत्तर माझ्याजवळ नव्हते.

पुढे ध्यानात आले की कथेत एक उत्तर दडलेले आहे. वेताळ मर्त्य आहे हे बांदार लोकांना ठाऊक असते. म्हणजे गोष्ट जिवंत ठेवणारे खरे तेच. परंतु त्यांच्या बाजूने सांगितलेली एकही कथा मी वाचलेल्या अंकांत मला आढळली नाही. लेखकाला खजिना सापडला आणि त्याने तो उघडला नाही. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी बहादूर आणला, मुखवटा काढून नायकाला डाकूंच्या मुलखात उभा केला. तो आपला वाटतो हे खरे, पण त्याच्याभोवती दंतकथा जमत नाही.

हलत्या चित्रांनी वेताळाचे काय केले ते पाहण्याजोगे आहे. कागदावर उड्या मारणारा सुपरमॅन १९४१ पासूनच्या फ्लायशर बंधूंच्या व्यंगचित्रपटांत सरळ उडू लागला. तेथे माध्यमाची गरज होती आणि नायक वाढला. १९८६ च्या ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ ह्या मालिकेत वेताळाला २०१५ सालात, परग्रहावरच्या मिंगशी लढायला नेले आणि हाक मारताच दहा वाघांचे बळ दिले. हा मला शुद्ध अपराध वाटतो. ज्याचे बळ ऐकीव होते त्याला खरे बळ दिले की गोष्टीची जरूरच संपते. (ते २०१५ आले आणि गेले, मिंग काही आला नाही.)

१९९४ ची ‘फँटम २०४०’ मात्र वेगळी. पीटर चुंगने रेखाटलेल्या लांब, अस्थिपंजर आकृती प्रथम डोळ्यांना खुपतात. चोविसावा वेताळ हा कॉलेजात शिकणारा पोर. अदृश्य करणारा पोशाख वगैरे यंत्रांची गर्दी येथेही आहेच. पण उद्ध्वस्त झालेल्या जगात मेट्रोपिया नगरीच्या पोटात एक अरण्य लपून वाढलेले आहे, आणि बांदारांचा गुरान त्या पोराला त्याचा वारसा सांगतो, वेताळपण शिकवतो. येथे अरण्य नायकाचे सिंहासन राहत नाही आणि गोष्ट तिच्या राखणदाराच्या तोंडून येते.

ते भाग त्या मुलाला दाखवावेत असे फार मनात होते. पण मी ते पाहीपर्यंत त्याने शाळा सोडली होती आणि तेंदूच्या हंगामात तो बापाबरोबर जंगलात जाऊ लागला होता.