न झालेल्या लढतीचा निकाल

बॉक्सिंगवर बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो. मोहम्मद अली आणि रॉकी मार्सियानो दोघेही ऐन भरात असताना समोरासमोर आले असते, तर कोण जिंकलं असतं? किंवा जो लुई आणि माइक टायसन? चहाच्या टपरीवर याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं आणि भांडण दोन तास चालतं. आम्हालाही हे भांडण आवडतं, हे आधीच कबूल करतो. पण कोण जिंकलं असतं ते आज आम्ही सांगणार नाही. हा प्रश्न विचारताना आपण काय गृहीत धरतो आणि काय झाकून ठेवतो, एवढंच बघू.

त्यासाठी एक चित्रपट समोर घेऊ. त्याचं नाव 'द सुपर फाइट'. २० जानेवारी १९७० ला तो एका रात्रीपुरता थिएटरांमधून दाखवला गेला. निर्माता मरे वोरोनर. लढत अली विरुद्ध मार्सियानो, आणि निकाल ठरवणार संगणक! मार्सियानो तेव्हा ४५ वर्षांचा होता, निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली. चित्रीकरणासाठी त्याने बरंच वजन उतरवलं आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. अली २७ वर्षांचा. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सैन्यात जायला नकार दिला म्हणून १९६७ पासून त्याचं लढणं बंद पडलेलं होतं. दोघांनी एकेका मिनिटाच्या कितीतरी फेऱ्या लुटुपुटीच्या खेळल्या. शेवटही एकाहून अधिक चित्रित झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ ला, मार्सियानो विमान अपघातात गेला. पडद्यावर मात्र त्याने तेराव्या फेरीत अलीला नॉकआउट केलं.

चित्रपट म्हणून यात बघण्यासारखं आहे, नाही असं नाही. एकाची हलती पावलं आणि लांब जॅब, दुसऱ्याचं खाली वाकून आत घुसणं, हा फरक लुटुपुटीतही दिसतो. आमची तक्रार संगणकाच्या नावाने केलेल्या दाव्याबद्दल आहे. संगणक म्हटलं की माणसाला वाटतं, चला, आता निष्पक्ष उत्तर मिळालं. पण त्या यंत्रात काय घातलं होतं? जुन्या लढतींच्या नोंदी, आणि कोणाचा ठोसा किती जड, कोण किती चपळ, कोण किती मार खाऊ शकतो, याबद्दलची जाणकारांची मतं. आता मत आत घातलं तर बाहेर मतच येणार. गिरणीत ज्वारी टाकली तर गव्हाचं पीठ पडत नाही. फरक एवढाच की आत जाताना ते मत होतं, आणि बाहेर येताना त्याला निकाल म्हटलं गेलं.

आता त्या तेराव्या फेरीकडेच बघा. खऱ्या आयुष्यातही मार्सियानोची सर्वांत मोठी लढत तेराव्या फेरीतच संपली होती. २३ सप्टेंबर १९५२ ला जर्सी जो वॉलकॉटला झोपवून तो विश्वविजेता झाला. त्या क्षणापर्यंत तो तिन्ही गुणपत्रिकांवर मागे होता. म्हणजे लढत १५ फेऱ्यांची होती म्हणून मार्सियानो जिंकला. १९८२ मध्ये कोरियाचा किम ड्युक कू लढतीनंतर मरण पावला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत विश्वविजेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांवरून १२ वर आल्या. आजचा नियम १९५२ मध्ये असता, तर वॉलकॉट गुणांवर विजेता राहिला असता आणि ज्या ४९ विजयांच्या आकड्यावर मार्सियानोची दंतकथा उभी आहे, तो आकडाच नसता.

वजनाचंही तसंच. मार्सियानो साधारण १८५ पौंडांचा. आज २०० पौंडांपर्यंतचा माणूस क्रूझरवेट धरला जातो. म्हणजे आजच्या तराजूवर तो क्रूझरवेट. तेव्हा 'कोण जिंकलं असतं' याच्या आधी 'कोणत्या वर्षाच्या नियमांनी' हे सांगावंच लागतं. जो ते सांगत नाही, तो आपल्या आवडत्या माणसाला सोयीचे नियम गुपचूप निवडून मोकळा झालेला असतो.

दुसरी अट, कोणत्या सालचा माणूस? कारण दोन युगांच्या लढती प्रत्यक्षात झालेल्या आहेत. १९५१ मध्ये मार्सियानोने ३७ वर्षांच्या लुईला आठव्या फेरीत पाडलं. १९८० मध्ये लॅरी होम्ससमोर अलीला दहा फेऱ्यांनंतर कोपऱ्यातून उठूच दिलं नाही. १९८८ मध्ये टायसनने त्याच होम्सला चौथ्या फेरीत संपवलं. यातून पुढचं युग श्रेष्ठ होतं असं सिद्ध होतं का? नाही. वय झालं होतं, एवढंच सिद्ध होतं. आणि तेही दरवेळी खरं नाही. १९९४ मध्ये जॉर्ज फोरमनने ४५ व्या वर्षी मायकल मूररला दहाव्या फेरीत पाडून विजेतेपद परत मिळवलं.

तिसरी गोष्ट, गणित. फ्रेझरने १९७१ मध्ये अलीला हरवलं. फोरमनने १९७३ मध्ये फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर पाडलं. मग फोरमन अलीला चिरडणार, हे उघड होतं ना? १९७४ मध्ये किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत नॉकआउट केलं. एकाच काळातल्या तीन माणसांचं गणित जिथे जुळत नाही, तिथे वीस वर्षांच्या अंतराचं काय जुळणार?

मग माणसं हा खेळ खेळतात तरी का? आमच्या मते, इतिहासाने जे दिलं नाही ते यातून मिळवता येतं म्हणून. वोरोनरने आधी, १९६७ मध्ये, संगणकाच्या निकालांवर रेडिओवरची स्पर्धा केली होती. तिच्यात अलीला कोणी हरवलं? जिम जेफ्रीजने. अलीने बदनामीचा दावा लावला, आणि त्याच्या तडजोडीतूनच हा चित्रपट निघाला. आता हा जेफ्रीज कोण? विजेता असताना कृष्णवर्णीय आव्हानवीरांशी विजेतेपदासाठी लढायला नकार देणारा. पुढे कृष्णवर्णीय जॅक जॉन्सन १९०८ मध्ये विजेता झाला, तेव्हा निवृत्त जेफ्रीज असता तर काय झालं असतं, हीच चर्चा गोऱ्या अमेरिकेत सुरू झाली. शेवटी ४ जुलै १९१० ला रीनो गावी त्याला खरोखर रिंगमध्ये आणलं. जॉन्सनने पंधराव्या फेरीत त्याला संपवलं. त्या रात्री अनेक शहरांत दंगली झाल्या, माणसं मेली, त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय होती. रिंगमध्ये जेफ्रीज जे करू शकला नाही, ते सत्तावन्न वर्षांनी यंत्राने त्याच्याकडून करून घेतलं. आणि अलीवर, ज्याला खरं लढू दिलं जात नव्हतं त्याच्यावर, पडद्यावर हरण्याची वेळ आली. कोणी ठरवून हे केलं असं आम्ही म्हणत नाही. पण आत घातलेल्या मतांना स्वतःचा इतिहास असतो, एवढं नक्की.

म्हणून आमचं म्हणणं असं, की 'असतं तर' हा प्रश्न टाकून देऊ नका. फक्त तो जिथे खरोखर लागू आहे तिथे आधी विचारा. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ विजेता होता. त्याच वर्षांत हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा आव्हान देत होता. गोष्ट करारापर्यंत गेली, लढत झालीच नाही. त्याआधीच्या पिढीतल्या सॅम लँगफर्डला तर हेवीवेट विजेतेपदाची संधी कधीच मिळाली नाही, आणि इथे दोष फक्त गोऱ्यांचा नाही, विजेता झाल्यावर जॅक जॉन्सननेही त्याला टाळलं. या लढतींना कालयंत्र लागत नव्हतं, संगणक लागत नव्हता. दोघेही जिवंत होते, लढायच्या वयाचे होते, नियम एकच होते.

अली-मार्सियानो लढत झाली नाही, कारण मार्सियानो निवृत्त झाला तेव्हा अली १४ वर्षांचा होता. यात कोणाचा दोष नाही. डेम्प्सी-विल्स झाली नाही, कारण ती होऊ दिली नाही. तेव्हा पुढच्या वेळी टपरीवर वाद रंगला, तर खुशाल रंगवा. फक्त फेऱ्या किती, साल कुठलं, हे आधी ठरवा. आणि एक चहा संपेपर्यंत तरी विल्सबद्दल बोला.