कायदा कोणत्या चोराचा हात धरतो?

मराठी समीक्षेने रहस्यकथेला ओसरीवर बसवले, माजघरात कधी घेतले नाही. त्यातही विनोदी रहस्यकथा म्हटली की ओसरीही गेली, थेट अंगणच. बाबुराव अर्नाळकरांबद्दल आज आपण आदराने बोलतो, पण तो आदर बहुतेक वेळा त्यांच्या पुस्तकांच्या संख्येबद्दल असतो. काळापहाड आणि झुंजार यांच्या कथांत चोर, पोलीस आणि वाचक यांचे परस्परांशी नेमके काय नाते होते, याचा विचार फारसा झालेला नाही. माझ्यासारख्या विद्यापीठाबाहेरच्या, रद्दीच्या दुकानांतून आणि सार्वजनिक वाचनालयांतून शिकलेल्या माणसाला हा विषय बऱ्याच काळापासून खुणावत होता. त्याला वाट मिळाली ती एका अमेरिकन मालिकेमुळे. जॅनेट इव्हानोविच आणि ली गोल्डबर्ग यांच्या 'फॉक्स अँड ओ'हेअर' कादंबऱ्यांमुळे.

मालिकेची कल्पना एका वाक्यात सांगता येते. एफबीआयची अधिकारी केट ओ'हेअर ज्या आंतरराष्ट्रीय ठकसेनाच्या मागे वर्षानुवर्षे धावली, तो निकोलस फॉक्स पकडला जातो आणि मग एफबीआयलाच पटवून तिच्याबरोबर काम करण्याची नोकरी मिळवतो. पहिली कादंबरी 'द हाइस्ट' जून 2013मध्ये आली. 2014मध्ये 'द चेस' आणि 'द जॉब', 2015मध्ये 'द स्कॅम', 2016मध्ये 'द पर्स्यूट'. पुढे गोल्डबर्ग बाजूला झाले. 2019च्या 'द बिग कहूना'साठी पीटर इव्हानोविच आणि 2021च्या 'द बाउंटी'साठी स्टीव्ह हॅमिल्टन हे सहलेखक आले.

पोलिसाने चोराला हाताशी धरण्याची कल्पना नवी नाही. तिचा मूळपुरुष कादंबरीतला नव्हे, इतिहासातला आहे. फ्रान्सचा व्हिदोक (1775–1857) तुरुंगात असतानाच पोलिसांचा खबऱ्या झाला आणि पुढे पॅरिसच्या गुप्त पोलीस दलाचा प्रमुखच झाला. 1828पासून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींनी युरोपातल्या कादंबरीकारांची एक अख्खी पिढी पोसली. मोरिस लब्लांचा आर्सेन ल्युपँ 1905मध्ये अवतरला. '813' या 1910च्या कादंबरीत तर तो चक्क पोलीसप्रमुखाच्या खुर्चीत बसलेला निघतो. इंग्लंडमध्ये ई. डब्ल्यू. हॉर्नंगने 1898मध्ये रॅफल्स उभा केला. दिवसा क्रिकेट, रात्री घरफोडी. हॉर्नंग हा कॉनन डॉयलचा मेव्हणा. गुन्हेगाराला नायक करणे डॉयलला काही रुचले नव्हते. शेरलॉक होम्सच्या जनकाने घेतलेला हा आक्षेप गमतीचा वाटतो, पण तो तितका पोकळ नाही. त्याकडे मी पुढे येणार आहे.

अमेरिकन दूरचित्रवाणीने हीच कल्पना पुन्हापुन्हा वापरली. 1968च्या 'इट टेक्स अ थीफ'मध्ये तुरुंगातला चोर सरकारसाठी चोऱ्या करतो. 2009च्या 'व्हाइट कॉलर'मध्ये देखणा बनावटकार एफबीआय अधिकाऱ्याबरोबर काम करतो. गोल्डबर्ग स्वतः दूरचित्रवाणीचे लेखक. 'मंक' मालिकेवर आधारित कादंबऱ्याही त्यांनी लिहिल्या आहेत. 'द हाइस्ट' वाचताना ही तालीम पदोपदी जाणवते. प्रकरणे छोटी, प्रत्येकाचा शेवट उंबरठ्यावर, आणि निकच्या बनावट नावांतही जुन्या दूरचित्रवाणी मालिकांतली पात्रे. मला यात खोट वाटत नाही. तमाशातल्या वगाला जसा आपल्या पूर्वसुरींचा उल्लेख करायला संकोच नसतो, तसेच हे.

मात्र या कादंबऱ्यांत चोरी हा मुख्य प्रकार नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागते. तिजोरी फोडणे क्वचितच येते. मुख्य काम असते खोटे जग उभारण्याचे. 'द हाइस्ट'मध्ये पन्नास कोटी डॉलर घेऊन पळालेला गुंतवणूकदार डेरेक ग्रिफिन इंडोनेशियातल्या एका खाजगी बेटावर लपला आहे. त्याच्यापर्यंत पोहोचायला निक जी टोळी जमवतो, तिच्यात एक भडक अभिनय करणारा नट आहे, एक रंगभूषाकार आहे, कोणतेही वाहन हाकणारी एक बाई आहे आणि झाडांवर घरे बांधणारा एक कारागीर आहे. वर केटचे निवृत्त फौजी वडील. ही दरोडेखोरांची टोळी नव्हे, ही नाटक कंपनी आहे. मालाऐवजी ती समोरच्याचा विश्वास चोरते. या घडणीची आई 1966ची 'मिशन: इम्पॉसिबल' मालिका आहे. फरक इतकाच की तिथे सगळे गंभीर चेहऱ्याने चालते आणि इथे नट बोयड आपल्या भूमिकेची 'प्रेरणा' काय असे भलत्या वेळी विचारतो.

विनोद कुठून येतो? निकच्या चतुराईतून, असे वाचकाला वाटते. माझ्या मते तो केटच्या कागदपत्रांतून येतो. बाहेरच्या जगासाठी निक फरारच आहे, आणि त्याला पकडण्याची अधिकृत जबाबदारी केटवरच आहे. म्हणजे जो माणूस काल रात्री तिच्या शेजारी बसून योजना आखत होता, त्याच्या शोधात आज सकाळी तिने सहकाऱ्यांसह दार फोडायचे, रिकामी खोली पाहून निराश व्हायचे आणि तसा अहवाल लिहायचा. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या कोणत्याही मराठी वाचकाला ही परिस्थिती समजावून सांगावी लागणार नाही. फाइल चालू आहे, शोध चालू आहे, आणि शोधायचे ते टेबलाखाली बसले आहे. केटला नियमांचे खरेच प्रेम आहे म्हणून हे हसू येते. ती ढोंगी असती तर हा विनोद आंबट झाला असता.

आता वर सोडलेला डॉयलचा मुद्दा. गुन्हेगाराला नायक करू नये, हा आक्षेप मला तसाच्या तसा मान्य नाही. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. कायदा हात पुढे करतो तो नेमक्या कोणत्या चोरापुढे?

याचे उत्तर इव्हानोविचबाईंच्याच दोन मालिका शेजारी ठेवल्या की सापडते. त्यांची गाजलेली स्टेफनी प्लम 1994पासून न्यू जर्सीतल्या ट्रेंटन शहरात जामिनावर सुटून पळालेल्यांना पकडते आहे. तिची गिऱ्हाइके कोण? भुरटे चोर, दारुडे, कोर्टाची तारीख विसरलेले म्हातारे, भाडे थकलेले लोक. त्यांच्यावरही विनोद आहे, बराच प्रेमळ आहे, पण शेवटी त्यांना बखोट धरून ठाण्यात नेले जाते. निक फॉक्सने यांच्या सगळ्यांच्या एकत्रित लुटीच्या हजारपट माल लांबवला असेल. त्याला नोकरी मिळते, विमानाचे तिकीट मिळते, आणि ओघाने केटचे प्रेमही. एकाच लेखिकेच्या जगात गरीब चोर पकडायचा असतो आणि उंची सूट घालणारा चोर नेमायचा असतो. रॅफल्सही सभ्य गृहस्थ, ल्युपँही. वॉल्टर हिलच्या 1982च्या '48 अवर्स' या चित्रपटात पोलिसाला कृष्णवर्णीय कैद्याची मदत लागते, तेव्हा त्याला मिळणारी मोकळीक नावातच मोजून दिली आहे, अठ्ठेचाळीस तास.

मराठी वाचकाला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण पोलीस आणि चोर यांच्या भागीदारीचे आपल्याकडचे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक विनोदी नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' 1987मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिथेही पोलीस चोराच्या दारी येतो. पण तो येतो मारायला, कबुली उकळायला आणि आपला वाटा घ्यायला. इंग्रजांच्या 1871च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि 1952मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला. ठाण्याच्या वहीतून तो पुसला जायला कागद पुरला नाही. 'भामटा' हा शब्द आपण निक फॉक्ससारख्याला गमतीने सहज लावू. तो एका जमातीचे नाव म्हणून त्या यादीत होता, हे विसरून. म्हणूनच मी या लेखात 'ठकसेन' हा शब्द वापरतो आहे. तो जरा नाटकी आहे, पण कुणाच्या अंगाला लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, हलक्याफुलक्या पुस्तकावर एवढे ओझे कशाला? ओझे मी घालत नाही, ते पुस्तकातच आहे. पहिल्या कादंबरीतला खलनायक बँकवाला का आहे? 2008च्या आर्थिक घसरणीनंतर लोकांची घरे गेली, निवृत्तिवेतने बुडाली, आणि मोठ्या खुर्चीतले फार थोडे लोक तुरुंगात गेले. कायद्याने जे केले नाही ते कायद्याच्या नावाने चोराकडून करून घेण्याचा आनंद ही कादंबरी देते. आनंद खरा आहे, मीही तो घेतला. पण ज्या जून 2013मध्ये ती बाजारात आली, त्याच महिन्यात एडवर्ड स्नोडेनने अमेरिकन सरकारच्या गुप्त पाळतीची कागदपत्रे उघड केली. सरकारने नियम गुंडाळून ठेवावेत, पण आमच्या भल्यासाठी, ही वाचकाची इच्छा आणि सरकारने ते खरेच केलेले पाहून बसलेला धक्का, दोन्ही एकाच आठवड्यांतले. केटचे वरिष्ठ बोल्टन आणि जेसप ज्या सहजतेने बेकायदा मोहिमेला होकार देतात, तिथे लेखकद्वयाने घाई केली आहे. केट हादरते, चिडते, आणि पुढच्या प्रकरणात कामाला लागते. त्या हादरण्याला आणखी दहा पाने मिळायला हवी होती.

मालिकेतले सर्वांत चांगले पुस्तक, माझ्या मते, दुसरे आहे. 'द चेस'मध्ये चोरायची वस्तू आहे कांस्य कोंबड्याचे शिर. अमेरिका ते चीनला परत करणार आहे. मात्र स्मिथसोनियन संग्रहालयातले शिर नकली आहे, खरे कधीच चोरीला गेले आहे. ते आहे कार्टर ग्रोव्हकडे. हा गृहस्थ एके काळी व्हाइट हाउसच्या कारभाराचा प्रमुख होता, आता खाजगी सुरक्षा कंपनी चालवतो. चिनी तज्ज्ञ येण्याआधी खरे शिर जागेवर ठेवायचे आहे. म्हणजे चोरी करायची ती चोरी झालीच नव्हती असे दाखवण्यासाठी.

या कोंबड्यामागे खरा इतिहास आहे. बीजिंगजवळच्या युआनमिंगयुआन या राजवाड्यात अठराव्या शतकात जेझुइट चित्रकार कास्तिलिओने याच्या आराखड्यावरून एक कारंजे बांधले होते. चिनी राशिचक्रातले बारा प्राणी आपापल्या प्रहराला तोंडातून पाणी सोडत, असे ते जलघड्याळ. ऑक्टोबर 1860मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी राजवाडा लुटला आणि लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने जाळला. हाच एल्गिन 1862मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि पुढच्या वर्षी धरमशाळेत वारला. त्याच्या फौजेत पंजाबी पलटणी होत्या. ज्या अफूवरून हे युद्धसत्र पेटले, तिच्यातला मोठा हिस्सा माळव्यातून मुंबई बंदरामार्गे जात असे. तेव्हा कोंबड्याच्या चोरीत मुंबईचा गोदीवालाही अगदी नामानिराळा नाही. 2009मध्ये पॅरिसच्या लिलावात उंदीर आणि ससा यांची शिरे आली. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्या चिनी गृहस्थाने ती जिंकली आणि पैसे द्यायला नकार दिला. कोणत्याही ठकसेनाने टोपी काढावी असा हा प्रकार! 2013मध्ये ती दोन्ही शिरे चीनला परत गेली.

'द चेस'मध्ये हा इतिहास दोन-तीन परिच्छेदांत उरकला आहे, पण त्याने पुस्तकाचे वजन बदलते. पहिला दरोडा गणवेशातल्या माणसांनी घातला होता, आणि तो कायदेशीर होता. त्यानंतर संग्रहालय, माजी सत्ताधारी, चोर आणि एफबीआय हे सगळे एकाच रांगेत उभे राहतात. केट आणि निक यांच्यातली सीमारेषा इथे लेखकांनी पुसलेली नाही. ती मुळात किती पुसट होती ते दिसते. ग्रोव्हच्या रूपाने केटला पहिल्यांदा असा माणूस भेटतो जो तिच्याच बाजूचा, तिच्याच भाषेत बोलणारा आणि निकपेक्षा कितीतरी जास्त चोर आहे. तिची विनोदी चिडचिड इथे पहिल्यांदा खऱ्या रागाच्या जवळ जाते.

पुढची पुस्तके या वाटेने गेली नाहीत. 'द जॉब'मध्ये चेहरा बदललेला अमली पदार्थांचा सम्राट आहे आणि बुडालेल्या जहाजाच्या खजिन्याचा बनाव आहे. बनाव रंगतो, पण खलनायक इतका काळा की कायद्याचा प्रश्नच उरत नाही. 'द स्कॅम'मधले मकावचे जुगारघर वाचनीय आहे, कारण काळा पैसा पांढरा होताना दिसतो. 'द पर्स्यूट'मध्ये अँटवर्पच्या हिऱ्यांवरून गोष्ट देवीच्या रोगाच्या विषाणूपर्यंत जाते आणि जग वाचवायचे असल्यामुळे हसायला कुणाला सवड नाही. मुख्य तोटा वेगळाच आहे. पाचव्या पुस्तकापर्यंत केट ठकवण्यात निकइतकीच पटाईत झाली आहे. दार फोडून रिकामी खोली पाहण्याचे तिचे नाटक आता सरावाचे झाले आणि नियम मोडताना तिचा हात थरथरत नाही. कायद्याने कुरकुर करायचे सोडले की या प्रकारच्या कादंबरीत दोन चोर उरतात, आणि दोन चोरांची गोष्ट डोनाल्ड वेस्टलेकने 1970च्या 'द हॉट रॉक'पासून याहून कितीतरी सरस लिहून ठेवली आहे. त्याचा डॉर्टमंडर एकच पाचू पुन्हापुन्हा चोरतो, नेहमी कफल्लक असतो, आणि त्याला नोकरी द्यायला कोणतेही सरकार येत नाही.

'द बाउंटी'मध्ये हॅमिल्टन यांनी निकच्या बापाला आणले आहे. नाझींच्या सोन्याचा शोध आहे, धावपळ भरपूर आहे. बापही ठक, मुलगाही ठक, आणि समोर केट व तिचे फौजी वडील. इथे दोन घराण्यांची तुलना करायला चांगली जागा होती: एका घरात शिस्त वारशाने आली, दुसऱ्यात फसवणूक. ट्रेंटनमधल्या एखाद्या भुरट्याला असा वारसा सांगितला असता तर त्याला 'सराईत' म्हटले असते. निकच्या बाबतीत त्याला 'घराण्याची कला' म्हणतात.