पाळण्यांतील नांव व हाकेचें नांव

ऐतिहासिक कागदांच्या सूचींत एक दोष वारंवार दृष्टीस पडतो. पत्रांत 'नाना', 'दादा', 'आप्पा', 'तात्या' असें नांव आलें कीं सूचीकार तें मूळ नांवाचें लाडकें रूप समजतो व ज्ञात अशा एखाद्या पुरुषाच्या माथीं मारतो. उलटपक्षीं, एकाच पुरुषाचीं दोन नांवें आढळलीं तर त्याचे दोन पुरुष करितो. रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागद ४५ भागांत इ. स. १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध केल्यापासून छापील नांवांचा सांठा अफाट वाढला आहे; खासगी संग्रहांतील बाडें निराळींच. या सांठ्यांत शिरण्याचें दार म्हणजे सूची. तिच्यांत चूक झाली कीं वंशावळ चुकते, आणि चुकलेली वंशावळ पुढील लेखक प्रमाण म्हणून उचलतात.

या घोटाळ्याचें मूळ असें कीं, हाकेचीं नांवें दोन भिन्न जातींचीं असून तीं एकाच मापानें मोजलीं जातात.

पहिली जात संक्षेपाची. हिचें शास्त्र पाणिनीनें सांगून ठेविलें आहे. पांचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत, ७६ व्या सूत्रापासून, अनुकंपेचा अर्थ दाखविणारे प्रत्यय येतात. अनेक स्वरांच्या मनुष्यनामास ते लागतात, तेव्हां दुसऱ्या स्वरापुढील भाग गळतो. म्हणून देवदत्ताचे देविक, देविय, देविल होतात. कात्यायन तर प्रत्ययावांचूनही एका पदाचा लोप मान्य करितो. सत्यभामेची भामा ती अशी. मराठींत हीच रीत चालू आहे. सदाशिवाचा सदू व सदोबा, पांडुरंगाचा पांडोबा, जनार्दनाचा जनोबा, विश्वनाथाचा विसाजी, यशवंताचा येसाजी, रघुनाथाचा राघोबा. फरक इतकाच कीं, पाणिनीचा प्रत्यय अनुकंपेचा, आणि आमचे 'जी' व 'बा' हे आदराचे. यास्तव तोडलेलें नांव म्हणजे हलकें नांव असें समजूं नये. विसाजीपंत या नांवांत तोड आहे, 'जी' आहे आणि वर 'पंत'ही आहे. तुच्छता किंवा सलगी दाखवावयाची तर 'या' लागतो, आणि तोच संतांनीं नम्रतेनें स्वतःस लावून घेतला. या जातीच्या नांवावरून मूळ नांवाकडे जातां येतें.

दुसरी जात नात्याची. तात्या हा संस्कृत 'तात' शब्दाच्या घरचा, आप्पा हा कानडींतील पितृवाचक, भाऊ हा 'भ्रातृ' शब्दाचा वंशज, बापू हा बापाच्या कुळांतला. या नांवांचा पाळण्यांतील नांवाशीं ध्वनीचा कांहींएक संबंध नाहीं. येथें अन्वयव्यतिरेक लावून पाहावा. बाळाजी बाजीराव हे नाना, बाळाजी जनार्दन भानु हेही नाना. एवढ्यावरून 'नाना' हें बाळाजीचें रूप म्हणावें असा मोह होतो. परंतु मुंबईचे जगन्नाथ शंकरशेट (१८०३–१८६५) हेही नाना, आणि इ. स. १८५७ चे धोंडोपंतही नानासाहेब. नांव बदललें तरी नाना कायम राहतो. तस्मात् तो नांवापासून निघालेला नाहीं. रघुनाथरावांच्या ठायीं तर दोन्ही जाती एकत्र नांदतात : राघोबा हा संक्षेप, दादा हें नातें, आणि लोकांच्या तोंडीं राघोबादादा.

मग दोघे बाळाजी नाना झाले हा केवळ योगायोग काय? आमच्या मतें त्यास कारण आहे. दोघांचेही आजे बाळाजी : एकाचे बाळाजी विश्वनाथ, दुसऱ्याचे बाळाजी महादेव. आजाचें नांव नातवास ठेवावयाचें ही महाराष्ट्राची जुनी चाल. आणि सुनेनें सासऱ्याचें नांव उच्चारावयाचें नाहीं ही दुसरी. मुलाची आईच त्याचें नांव घेऊं शकत नाहीं, तेव्हां घरांत दुसरें नांव रूढ होणें क्रमप्राप्त ठरतें. शिवाय, श्रेय इच्छिणाऱ्यानें स्वतःचें, गुरूचें, अतिकृपणाचें, ज्येष्ठ अपत्याचें व पत्नीचें नांव घेऊं नये असें एक प्रसिद्ध संस्कृत वचन आहे. दोन्ही निषेध बहुधा थोरल्या मुलावर येऊन पडतात. धाकट्या रघुनाथावर तसें बंधन नव्हतें, आणि त्याचाच संक्षेप प्रचारांत राहिला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आमच्या वऱ्हाडावर ज्यांचा अंमल होता त्या नागपूरकर भोसल्यांतही हेंच दिसतें. इ. स. १८१८ मध्यें पदच्युत झालेले आप्पासाहेब यांचें नांव मुधोजी. त्यांचे वडील व्यंकोजी, आणि आजे पहिले मुधोजी. मात्र यास अटळ नियम समजूं नये. नानासाहेब पेशव्यांचे वडील बाजीराव, तरी त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव. म्हणून नात्याचें नांव आढळल्यास आजाचें नांव शोधावें, पण तें पुराव्यावांचून लिहूं नये.

जपून वागण्याचें एक स्थळ आमच्या वाशिमांतच आहे. येथील बालाजीचें मंदिर इ. स. १७७९ च्या सुमारास भवानी काळू यांनीं बांधिलें. 'काळू' हें वर्णावरून पडलेलें टोपणनांव समजण्याचा मोह कोणासही होईल. परंतु दप्तरी रीतींत दुसरें पद अनेक प्रकारचें असतें : बाळाजी विश्वनाथ यांत तें पित्याचें नांव आहे, चिमाजी आप्पा यांत नात्याचें. 'काळू' हें रूप घरगुती वळणाचें आहे एवढ्यानें तें पितृनाम नव्हे असें सिद्ध होत नाहीं. बापाचें नांवही घरगुती रूपांतच कागदावर चढत असे.

तेव्हां संग्राहकांस व सूचीकारांस आमची विनंती अशी कीं, नांव कागदांत जसें असेल तसेंच प्रथम नोंदवावें. संक्षेप असल्यास मूळ नांव पुढें निराळें द्यावें. नात्याचें नांव असल्यास पित्याचें नांव, आडनांव किंवा शिक्का यांपैकीं एखादा पुरावा मिळेपर्यंत तें कोणाही प्रसिद्ध पुरुषाच्या खातीं घालूं नये. नोंद अपुरी राहिली तर पुढील अभ्यासक ती पुरी करील. परंतु आत्मविश्वासानें लिहिलेली चुकीची नोंद कोणी पुन्हां तपासीत नाहीं.