राजीनामा

‘उंबरठा’ पाहून जी रडली नाही अशी मैत्रीण मला अजून भेटायची आहे. मीही रडले. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कोठीच्या महिला कॉलेजात बी.ए. करत होते, आणि सुलभा महाजन म्हणजे आपणच, असं वर्गातल्या आम्हा चार मराठी मुलींना वाटत होतं. जब्बार पटेलांचा हा चित्रपट १९८२ चा. तो शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून केला. परवा तो पुन्हा पाहिला, आणि रडू काही आलं नाही. स्मिता पाटीलचं काम तसंच भेदक आहे, त्यात काही उणं नाही. पण मधल्या काळात मी स्वतः नोकरी करून आले होते. अडीच महिन्यांची.

त्या वर्षी ह्यांची बायपास झाली आणि सुलतान बाजारातलं आमचं कपड्याचं दुकान बंद ठेवावं लागलं. मुलगा शेवटच्या वर्षाला. ओळखीतून कळलं की आबिड्सला एका सीएच्या ऑफिसात रिटर्नच्या मोसमापुरती माणसं हवीत. ३१ जुलैपर्यंत. लोकांचे फॉर्म १६ लावायचे, कागद आले नाहीत त्यांना फोन करायचे, आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे. घरात ठरलं, सध्यापुरतं कर. सासूबाईंनी पाहुण्यांना सांगितलं, घरी करमत नाही म्हणून जाते. मीही तेच सांगू लागले.

म्हणून या खेपेला सुलभाकडे पाहताना पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती अशी, की तिच्या घराला तिच्या पगाराची गरज नाही. नवरा वकील, घर सुखवस्तू, सासूबाई स्वतः समाजकार्यात. सुलभाने शिक्षण घेतलंय, काम निवडलंय, आणि मुलीला जाऊबाईंकडे ठेवून ती संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षक म्हणून जाते. तिची नोकरी म्हणजे व्रत आहे. त्यामुळे चित्रपट एकच मोठा प्रश्न विचारू शकतो: घर की काम? प्रश्न खोटा नाही. पण आपल्यातल्या कितीजणींना तो अशा स्वच्छ रूपात कधी पडला? आपल्याकडे बाई बाहेर पडते ती बहुधा घरच ढासळत असतं म्हणून. तेव्हा निवड बिवड काही नसते. सकाळी दोन डबे भरायचे असतात. दोन अशासाठी, की जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिस रात्री आठपर्यंत चाले, आणि मला दिवस मावळायच्या आत जेवून घ्यावं लागे. फायलींच्या कपाटाआड उभ्यानेच मी डबा संपवायची. तेलुगू मुली हसायच्या, पण सहाच्या सुमारास त्याच आठवण करायच्या, ‘आंटी, डब्बा’.

हे ‘सध्यापुरतं’ मला सापडलं ते सत्यजित रायांच्या ‘महानगर’मध्ये. १९६३ चा बंगाली चित्रपट, नरेंद्रनाथ मित्र यांच्या कथेवरचा. आरती कलकत्त्यात घरोघर फिरून विणकामाची यंत्रं विकते. नवऱ्याचा बँकेतला पगार पुरत नाही म्हणून ही सोय. सासरे निवृत्त मास्तर, त्यांना ते मुळीच रुचत नाही. पहिला पगार हातात आल्यावर ती कोऱ्या नोटा घेऊन आरशात स्वतःकडे पाहते, तो प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. माधवी मुखर्जी एक शब्द बोलत नाही. रायांना इथे भाषणाची गरज पडली नाही, आणि ‘उंबरठा’त मला नेमकं हे कमी पडतं. तिथे काम केल्याचा साधा, घरगुती आनंद दिसत नाही. सगळं कर्तव्य आणि संघर्ष.

पुढे नवरा आरतीला राजीनामा द्यायला लावतो, आणि त्याच दिवशी त्याची बँक बुडते. मग घाईने फोन: देऊ नकोस राजीनामा! थिएटरात इथे लोक हसले असतील. मला नाही हसू आलं. बाईचं काम कधी सुरू करायचं, कधी थांबवायचं, हे घराच्या अडचणीने ठरतं, तिच्या मनाने नाही. इतक्या थोडक्यात हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

तरीही या दोन्ही चित्रपटांशी माझं एक भांडण आहे. दोन्हींत शेवटाकडे राजीनामा येतो. सुलभा चौकशीनंतर राजीनामा देऊन घरी येते, तिथे नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते, आणि ती पुन्हा निघते. आरती तर एडिथ या अँग्लो-इंडियन सहकारिणीवर झालेल्या अन्यायासाठी नोकरी सोडते. टाळ्या घ्यावा असा क्षण आहे, आणि मी मनातून दिल्याही. पण दिग्दर्शकांना बाईच्या कामाची किंमत ती काम सोडते तेव्हाच का कळावी? आणि माझ्यासारख्या हंगामी बाईकडे तर सोडायलाही काही नसतं. ३१ जुलैला रात्री दहाला शेवटचं रिटर्न गेलं, पेढे वाटले, पाकीट हातात दिलं. दुसऱ्या दिवशी जायचं नव्हतं, इतकंच. काम केल्याचं एखादं पत्र द्याल का, असं मी विचारलं, तर साहेब म्हणाले, ‘अम्मा, दोन महिन्यांचं कसलं पत्र?’ नेमणुकीचंही नव्हतं म्हणा.

घरी आले तर ह्यांनी विचारलं, ‘झालं ना एकदाचं?’ काळजीनेच विचारलं. मी हो म्हटलं. पाकीट आधी किराण्याच्या डब्यात ठेवलं, मग काढून माझ्या पर्समध्ये ठेवलं. त्या अडीच महिन्यांविषयी नंतर घरात कुणी कधी बोललं नाही, मीसुद्धा नाही. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात आजही मी गृहिणी लिहिते.

काचीगुड्याच्या माझ्या भाचीला मागच्या आठवड्यात एका ऑफिसात काम लागलं. घटस्फोटाची केस चालू आहे, पोर लहान आहे. ‘आत्या, दसऱ्यापर्यंतच आहे गं, नोकरी अशी नाही,’ असं फोनवर आधीच सांगून टाकलं तिने. तिला ‘उंबरठा’ पाहायचा होता, कुणीतरी सुचवला म्हणे. मी म्हटलं, तो नंतर पाहा. आधी ‘महानगर’ पाहा, आणि आरशाचा प्रसंग आला की मला फोन कर.