नगरपरिषदेचे उत्तरदायित्व कोणाप्रती? : अचलपूरच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
१ जून १९९३ पासून अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. परंतु दर्जा आणि उत्तरदायित्व या भिन्न बाबी होत. अचलपूर नगरपरिषद समोर ठेवून १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम वाचला असता उत्तरदायित्वाचा रोख नागरिकांपेक्षा शासनाकडेच अधिक दिसतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उत्तरदायित्वाची दिशा :
मुख्याधिकाऱ्याची नेमणूक शासन करते. कलम ३०८ अन्वये जिल्हाधिकारी नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी स्थगित करू शकतात. गैरकारभार रोखण्यासाठी अशी नियंत्रणे आवश्यक आहेत, हे मान्यच. तथापि नागरिकाच्या हाती पाच वर्षांतून एकदा येणारे मत उरते, आणि तेही निश्चित नाही. २०१६ मध्ये निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत संपल्यावर डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत प्रशासकांनी कारभार पाहिला. अचलपूर त्यास अपवाद नव्हते.

अचलपूरची कोंडी :
२०११ च्या जनगणनेनुसार परतवाड्यासह अचलपूरची लोकसंख्या सुमारे १ लाख १२ हजार होती. अनुच्छेद २४३ एस नुसार प्रभाग समित्या ३ लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांतच बंधनकारक आहेत. अमरावती त्यात बसते, अचलपूर बसत नाही. उलट, अचलपूर तालुक्यातीलच पायविहीर गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले व जंगलाच्या व्यवस्थापनाचे निर्णय ग्रामसभेत होऊ लागले. राज्याने २००९ मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभेची कल्पना कायद्यात आणली खरी. परंतु ग्रामसभेसारखा घटनात्मक आधार तिला नाही. गावाहून मोठे आणि महानगराहून लहान असलेले शहर असे दोन्हीकडून वंचित राहते.

माहितीचा अधिकार (२००५) व लोकसेवा हक्क (२०१५) हे कायदे ही उणीव भरून काढतात, असा युक्तिवाद होऊ शकतो. तो अंशतःच खरा आहे. दाखला मुदतीत का मिळाला नाही, हे त्यांमुळे विचारता येते. नाली आधी कोणत्या मोहल्ल्यात बांधावी, हे ठरविण्यात मात्र वाटा मिळत नाही.

निष्कर्ष :
अतिरिक्त समित्या नेमण्यास अनुच्छेद २४३ एस राज्यांना मज्जाव करीत नाही. म्हणून अर्थसंकल्पापूर्वी प्रत्येक प्रभागात नागरिकांची सभा आणि तिच्या मागण्यांना लेखी उत्तर, एवढी तरतूद लहान शहरांसाठी बंधनकारक व्हावी. हिशेब वरच्या कार्यालयात पोचतो. तो मोहल्ल्यातही वाचला गेला पाहिजे.