'कोणती मुलं?' : सेंट लॅम्बर्टच्या प्रयोगाबद्दल

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'इमर्शन पद्धतीत मुलं पहिल्या भाषेला धक्का न लागता दुसरी भाषा शिकतात, हे सिद्ध झालं आहे.' पुढे संदर्भ, लॅम्बर्ट आणि टकर, १९७२. गाइडनी समासात 'कोणती मुलं?' एवढंच लिहून कागद परत दिला. मग जुहू कॅम्पसवर बसून मूळ पुस्तक वाचायला घेतलं. तोवर संदर्भ दुसऱ्यांच्या लेखांतून उचललेला होता. (तुम्हीही उचलता, माहीत आहे मला.)

सेंट लॅम्बर्ट हे मॉन्ट्रियलजवळचं उपनगर. तिथल्या इंग्रजीभाषक पालकांनी आग्रह धरला, म्हणून १९६५ मध्ये एक बालवर्ग पूर्ण फ्रेंचमध्ये सुरू झाला. शिक्षिका फ्रेंचच बोलायच्या, पण मुलांनी सुरुवातीला इंग्रजीत उत्तर दिलेलं चालायचं. इंग्रजीचा तास दुसरीपासून. पहिलीच्या शेवटी मुलं इंग्रजी वाचनात मागे होती, पुढे ती कसर भरून निघाली. फ्रेंच त्यांना छान समजायचं, बोलण्यात मात्र ती फ्रेंच मुलांच्या मागेच राहिली.

अभ्यासाची मांडणी चांगली आहे. तुलनेला इंग्रजीभाषक आणि फ्रेंचभाषक असे दोन्ही गट आहेत, आणि पुढच्या तुकडीवर तेच पुन्हा तपासलंय. पण मुलं वर्गात घातली पालकांनी, आपणहून. बुद्धिमत्ता आणि घरची परिस्थिती जुळवता येते, पालकांची हौस कशी जुळवणार?

त्याहून मोठी अडचण म्हणजे शाळेबाहेर या मुलांची इंग्रजी भक्कम होती. प्रतिष्ठा तिलाच, नोकऱ्याही तिच्यातच. फ्रेंच शिकून त्यांचं काही जाणार नव्हतं. भर घालणारी आणि वजा करणारी द्विभाषिकता हा भेद पुढे लॅम्बर्टनेच मांडला. तो संदर्भ आपण विसरतो.

आता जुहू कोळीवाड्यातलं, घरी मराठी बोलणारं मूल इंग्रजी शाळेत गेलं, असं धरा. शेजारच्या बाकावरची काही मुलं घरूनच इंग्रजी घेऊन आलेली. मराठीत दिलेलं उत्तर बाईंना कळेलच असं नाही, कळलं तरी चालेल असं नाही. याला इमर्शन नाही, सबमर्शन म्हणतात. पोहायला शिकवणं वेगळं आणि पाण्यात ढकलणं वेगळं. २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण विषय म्हणून. विज्ञानाच्या तासाला त्याने फरक पडत नाही.

त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे आपलं सेमी-इंग्रजी: गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. मी त्यातलीच. 'ऑस्मॉसिस'ची व्याख्या तोंडपाठ होती, पण मनुका पाण्यात का फुगतो हे विचारलं असतं तर गप्प बसले असते. अर्थात हा एकाच व्यक्तीचा अनुभव, विदा म्हणून शून्य. पण प्रश्न तिथूनच सुचला.

ते वाक्य आता काढून टाकलंय. निरीक्षण तक्त्यात दोन नवे रकाने आहेत: मुलाने उत्तर कोणत्या भाषेत दिलं, आणि बाईंनी ते स्वीकारलं का. सिनॉप्सिस अजून मंजूर व्हायचाय.