नोंदणी झाली, निकाल कुठे आहे?

कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. समोर जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तो तिथं नाही. पण हे वर्गात शिकवताना आम्ही एक अट आवर्जून सांगायचो : घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत काही दिसलं नाही, यावरून काहीच ठरत नाही.

आता औषधचाचण्यांकडे या. २००८ साली एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये नैराश्यावरच्या १२ औषधांचा हिशेब मांडला. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे, म्हणजे एफडीएकडे, ७४ चाचण्यांची नोंद होती. एफडीएच्या मते ३८ अनुकूल. त्यातल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ प्रतिकूल किंवा संदिग्ध. त्यातल्या २२ छापल्याच नाहीत, ११ अनुकूल वाटाव्यात अशा छापल्या, आणि जशा होत्या तशा फक्त ३! बघा, नियतकालिकं वाचणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत होत्या. एफडीएच्या दप्तरात ५१ टक्के.

इथं घाई नको. ही औषधं निरुपयोगी आहेत, असं हा अभ्यास म्हणत नाही. एफडीएचे आकडे धरूनही प्रत्येक औषध प्लासिबोपेक्षा सरस ठरलं. फुगला होता तो गुणाचा आकडा, एकंदरीत ३२ टक्क्यांनी. लेखकांनी पाठवलं नाही की संपादकांनी नाकारलं, हेही त्यातून ठरत नाही.

आमच्या मते खरा धडा वेगळाच आहे. ही लपवाछपवी उघड झाली, कारण दप्तरात आधीची नोंद होती. नोंद म्हणजे खोलीतला दिवा. किती घट असायला हवेत ते तिच्यामुळे कळतं. आपल्याकडेही सीटीआरआय ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषध महानियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली. पण नोंदणीवर समाधान मानणाऱ्यांशी आमचं भांडण आहे. घट आहे एवढं कळलं. तो भरलेला की रिकामा, हे निकालाशिवाय कसं कळणार?

आणि यात माणसं आहेत हो. टर्नर यांच्या हिशेबात १२,५६४ रुग्ण होते. माणूस चाचणीत स्वतःचं शरीर देतो, ते पुढच्या रुग्णाला उपयोग होईल या भरवशावर. निकाल कपाटात ठेवणं म्हणजे त्या संमतीचा भंग, असं आम्ही मानतो. तुम्हाला काय वाटतं, ते आता प्रश्नोत्तरांत बोलू.